बंद माल

पाचकंदीलच्या गल्लीत कोठावदेंचं दुकान.
सुट्टीत मी तिथं गल्ल्याशेजारी बसायचो
फुगे, शिट्ट्या, पत्र्याची बेडकं मोजत.
काचेमागे ग्रोनॅक उभा असे,
छातीत पिवळा दिवा,
उजवा हात वळवला की क्रेन.

पडद्यावर तो मेला
दिवाळीनंतरच्या रविवारी, केबलवर, पावणेदहाला.
मला गणपतीतच माहीत होतं.

इंदूरहून दरपत्रक आलं होतं.
अकरा नावांवर लाल रेघ
आणि पुढे टाइप केलेलं : बंद.
शेठनी चष्मा कपाळावर सारला,
म्हणाले, उरलेले पुढं मांड,
चौदा रुपये कमी लाव.

मी कुणाला बोललो नाही.
बोललो असतो
तर मीच मारल्यासारखं झालं असतं.

देवपुरात महालेंच्या ओसरीवर आम्ही सतरा पोरं,
मांडीला मांडी.
पहिल्या वीस मिनिटांत सात गेले.
ग्रोनॅकला निदान पडायला वेळ दिला,
एक वाक्य दिलं.
बाकीचे धुरात.
आणि तो चपटा, हिरवा, सगळ्यांना हसवणारा,
त्याचं तर मरणही दाखवलं नाही.
पुढच्या भागात त्याच्या खुर्चीवर दुसरा बसलेला
आणि कुणीही विचारलं नाही,
कथा गया तो?

विचारलं ते सुपडूनं.
मोठ्यानं, जाहिरात चालू असताना.
आम्ही त्याला गप्प केलं.

सुपडूचं नाक टोचलेलं होतं.
जन्मला तेव्हा त्याला सुपात घातलं,
पाच घरच्या चिंध्यांचं अंगडं शिवलं,
मरणाला वाटावं,
हा कुणाचा तरी टाकलेला जीव, नको घेऊ.
शाळेच्या हजेरीत तो हेमराज.
घरात त्या नावानं
कुणी हाक मारत नसे.

मग नवा आला, झेल्टर.
निळा, चकचकीत, हाताची तोफ होणारा.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
त्यानं पहिलं वाक्य बोललं
आणि सुपडू गुडघ्यांवर उठून बसला :
आवाज तोच शे, भो.
तोच शे!

खरंच तोच होता.
दूर कुठंतरी एका खोलीत
एक माणूस दोघांचंही बोलत असणार,
मेलेल्याचं आणि जागेवर आलेल्याचं,
मध्ये पाणी पिऊन.

झेल्टरची खोकी आमच्या दुकानात
त्याआधी चार दिवस पडून होती, सुतळीनं बांधलेली.
सोमवारी रांग लागली.
सुपडू रांगेत नव्हता.
दुपारी शेठ जेवायला गेल्यावर तो आला,
मुठीत घामेजलेली चिल्लर,
म्हणाला, दोन्ही दाखाड.

दाखवले.
एकाचा रंग उन्हानं विटलेला,
दुसऱ्याला प्लास्टिकचा नवा वास.
त्यानं ते दिवा पेटवून पाहिले नाहीत.
उलटे केले,
नखानं खरवडले,
तळपायापाशी डोळा नेला.

झेल्टरच्या डाव्या टाचेत
निळ्या रंगाच्या खाली
उठलेली अक्षरं होती.
साचा बदलायला पैसे लागतात,
रंग स्वस्त.
आंधळ्यालाही बोटांनी वाचता आलं असतं :
ग्रोनॅक.

मला वाटलं, पोरगा खूश होईल.
तो बराच वेळ तसाच उभा राहिला.
मान खाली, म्हणून मला दिसली
त्याच्या शर्टाच्या कॉलरआतली
धोब्याची खूण, काळ्या शाईतली,
फिकट झालेली, ‘हे’,
आणि शर्टाची घडी
खांद्यांवरून दोन बोटं उतरलेली.

मी विचारलं, कोणता देऊ?

त्यानं चिल्लर फळीवर मोजली,
मग परत मुठीत घेतली.
म्हणाला, त्याला इचार,
त्याला माहीत शे का
त्याच्या पायात काय लिखेल शे.

आणि निघून गेला
आग्रा रोडच्या उन्हात,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.